कॅमेरा पिशवीत ठेवून मांद्र्यात सहा दिवस

पहिला दिवस

पेडण्याला बसमधून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. आंबोली घाटात लागलेली झोप बांद्याला ड्रायव्हरने गाणी लावली तेव्हा उघडली. खाली उतरून बघते तर क्लीनरने ट्रायपॉडची पिशवी रस्त्याच्या कडेला धुळीत आडवी टाकलेली. रिक्षा नव्हती. एक पायलट होता. गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. मोपाचा विमानतळ झाल्यापासून या शब्दावरून पाहुण्यांचे घोटाळे होतात म्हणे. कॅमेऱ्याची सॅक पाठीवर, ट्रायपॉड मांडीवर आडवा, अशी वरात निघाली. समोरून टेम्पो आला की तो ओरडायचा, "बाय, काठी उबी धर!"

मी माहितीपट करते. दुसऱ्यांच्या घरात शिरून त्यांच्या दुखण्यावर माइक धरायचा हा माझा धंदा, पण स्वतःच्या घरातल्या एका माणसावर काही करायला मला सात वर्षं थांबावं लागलं. माझी थोरली मावशी. १९७६ साली, सव्विसाव्या वर्षी, तिने कोरेगाव पार्कातल्या आश्रमात रजनीशांकडून संन्यास घेतला. केशरी कपडे, एकशे आठ मण्यांची माळ, माळेत फोटोचं लॉकेट आणि 'मा प्रेम' असं सुरू होणारं नवं नाव. ते नाव आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात कुणीही उच्चारलं नाही. घरात त्याला 'ते प्रकरण' म्हणत. आजीच्या जर्मनच्या बादलीत मावशीने आपल्या पांढऱ्या साड्या रंगवल्या होत्या. ती बादली शेवटपर्यंत आतून केशरी होती आणि आजी ती गच्चीवर झाडांना पाणी घालायला वापरायची. 'ते प्रकरण' मला पहिल्यांदा दिसलं ते त्या बादलीत.

२०१८ साली नेटफ्लिक्सवर रजनीशांच्या अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या कम्यूनवरची मालिका आली आणि जो तो मला म्हणाला, बघ, विषय कसा मांडायचा. बघितली. सहाही भागांत माझं लक्ष गोऱ्या चेहऱ्यांच्या मागे कुणी ओळखीच्या वळणाचा दिसतो का, याकडे. मावशीला फोन केला. "बघू," म्हणाली. पुढची सात वर्षं तेच. या दिवाळीत मात्र तिचाच फोन आला. "ये. पण पाच सकाळी माझ्याबरोबर डायनॅमिक ध्यान करायचं. तोवर कॅमेरा पिशवीत. आणि विचारायचं ते सगळं शेवटच्या दिवशी. खरं तर एकवीस दिवस करायचं असतं, पण तुला कुठे तेवढा वेळ!"

ती मांद्र्यात एका चिरेबंदी घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. कौलारू छप्पर, दारात तुळस, मागे चार माड. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर नारळ खवत होती. पंच्याहत्तरीची, काटक, अंगात फिका गाऊन. केशरी नाही, मरून रंगाचा नाही, माळही नाही. "तुझ्या आईसारखीच चालतेस," म्हणाली. एवढंच. मग पातळभाजी आणि पाव पुढे ठेवले.

दुसरा दिवस

पावणेसहाला तिने हलवून उठवलं. पोट रिकामं पाहिजे, डोळे बंद, म्हणून पट्टी.

डायनॅमिकची रीत रजनीशांनी १९७० मध्ये बसवली. एक तास, पाच टप्पे. पहिली दहा मिनिटं नाकाने जोरजोरात श्वास, पण त्यात लय लागू द्यायची नाही. भस्त्रिकेची सवय असलेल्याला हेच जड जातं. लय आपोआप लागते, आणि लागली की मोडायची. पुढची दहा मिनिटं आत साठलेलं बाहेर टाकायचं. ओरडा, रडा, हसा, शिव्या द्या. मग दहा मिनिटं हात वर करून उड्या मारायच्या, टाच पूर्ण टेकवून, दर उडीला 'हू'. मग एकदम 'स्टॉप', आणि पंधरा मिनिटं जसे असाल तसे गोठून उभे. शेवटची पंधरा मिनिटं नाच.

संगीत डॉयटर नावाच्या जर्मन वादकाचं. पुण्यात तो संन्यासी होता. मावशीची मूळ कॅसेट कधीच बुरसली. आता तेच संगीत भाचीने पाठवलेल्या छोट्या स्पीकरवर वाजतं. ती भाची मीच. तेव्हा मला वाटलं होतं, जुनी गाणी ऐकत असेल.

दुसऱ्या टप्प्याची मला धास्ती होती. मागच्या खोलीत पन्नास वर्षांचं काय काय बाहेर पडणार, आणि पुढच्या खोलीत मालकीणबाई झोपलेल्या. पण मावशीच्या तोंडातून अक्षर फुटलं नाही. शेजारपाजार असेल तर हे ध्यान मुक्याने करायची सोय मूळ सूचनांतच आहे. आवाज काढायचा नाही, सगळं अंगाने करायचं, 'हू'सुद्धा आतल्या आत. मी पट्टी वर सरकवून पाहिलं. (अट कॅमेऱ्याची होती, डोळ्यांची नव्हती, असं मी स्वतःला समजावलं.) एक म्हातारी बाई अंधारात, तोंड मिटून, दोन्ही हातांनी हवा फाडत होती. मान झटकत होती. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. बावन्न मिनिटांची चौकट असती तर या दृश्याला मी चार मिनिटं दिली असती. आणि हा हिशोब चालू असतानाच मला कळलं की आपण ध्यान करत नाही आहोत, चित्रीकरणाची जागा शोधतो आहोत. मग मी पट्टी खाली ओढली आणि बावन्न मिनिटांची फिल्म सव्वीसवर आणायला लावणाऱ्या एका संपादकाला मनातल्या मनात शिव्या घालायला सुरुवात केली. त्या दहा मिनिटं पुरल्या.

उड्या मावशी मारत नाही. गुडघे गेलेत. फक्त टाचा उचलते आणि आपटते. 'स्टॉप' झालं तेव्हा साडेसहा झाले होते. आम्ही दोघी हात वर करून खांबासारख्या उभ्या. खांदे भरून आले, कोपरात कळ मारायला लागली. आणि बाहेर पों पों. पदेर, म्हणजे पाववाला. सायकल थांबली, पावलं वाजली, खिडकीच्या गजातून काहीतरी आत आलं, पावलं परत गेली. नंतर बघते तर खिडकीत तीन पोयो, म्हणजे गोव्याचे पाव, कागदात गुंडाळलेल्या, गरम. "त्याच्या बापापासून ठरलंय," मावशी म्हणाली. "मी हात वर करून उभी असले की खिडकीत ठेवायच्या. पैसे शनिवारी."

मालकीणबाईंना मी विचारलं, तुम्हाला याचं काही वाटत नाही? त्या म्हणाल्या, "सकाळीं उठून उडक्यो मारता, पूण भाडें वेळार दिता."

तिसरा दिवस

आज मी चोरी केली. कॅमेरा पिशवीत ठेवायचा होता, रेकॉर्डरबद्दल कुणी बोललं नव्हतं. असा कोर्टातला युक्तिवाद करून मी रेकॉर्डर कापडी पिशवीत घालून खुंटीला अडकवला आणि चालू केला. त्याचा लाल दिवा पिशवीच्या विणीतून दिसतो, हे माझ्यासारख्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं.

मावशी पूर्ण तासभर काही बोलली नाही. नाचसुद्धा केला. मग पट्टी काढली, पिशवी खुंटीवरून उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. "पूस." तिच्यासमोर फाइल पुसली. पुसलेली फाइल कार्डातून परत आणता येते, हे मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. कार्ड मी अजून वापरलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

चहा मिळाला, पण साखर कमी होती. नंतर भाजी चिरताना तीच बोलायला लागली, बहुधा माझी लाज घालवायला.

आश्रमात ती स्वयंपाकघरात होती. सकाळी प्रवचन. एक महिना हिंदीत, एक महिना इंग्रजीत, आलटून पालटून. इंग्रजीच्या महिन्यात गर्दी पाश्चात्त्यांची, हिंदीच्या महिन्यात आपली. थेरपीचे ग्रुप प्रामुख्याने पाश्चात्त्यांचे. "आम्हाला ध्यान आणि गाजरं," असं ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात नाही. बसमध्ये मात्र केशरी साडीवर टोमणे पडायचे, म्हणून ती डेक्कनवरून कोरेगाव पार्कापर्यंत चालत जायची. मे १९८०मध्ये प्रवचनात एकाने सुरा फेकला. ती तेव्हा कणीक मळत होती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रजनीश मौनात गेले आणि १ जूनला अमेरिकेला. आश्रम बघता बघता रिकामा झाला. ज्यांच्याजवळ पासपोर्ट आणि पैसा ते मागोमाग गेले, बाकीचे इथेच राहिले. आमच्या घराचं दार तेव्हा बंद होतं. (आजोबांनी ते बंद केलं होतं आणि आईने उघडलं नाही, हे मी इथे लिहायला पाहिजे.) पुण्यातले गोरे संन्यासी थंडीत हरमल, हणजुणला येऊन पडायचे, त्यांच्याकडून तिने गोव्याचं नाव ऐकलं होतं.

"पण मांद्रेच का?" "इथला दुकानदार मराठीत हिशोब लिहायचा."

यात नवल नाही. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ मध्ये, त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. देवळातली भजनं, जत्रेतली नाटकं, शाळा, सगळ्यात मराठी मुरलेली. घर सुटलेल्या बाईला तेवढं पुरलं असावं.

चौथा दिवस

सकाळचं उरकून समुद्राच्या कडेने हरमलला चालत गेले. एकटीच. भरतीमुळे मध्ये एके ठिकाणी गुडघाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन.

हरमलच्या गल्लीत भिंतभर पत्रकं. श्वासाची कार्यशाळा, घंटानादाने उपचार, तंत्र, कॅकाओचा विधी. एका जागी आत डोकावले. तेवीस-चोवीस वर्षांचा एक पोरगा वीस माणसांना नाकाने जोरात श्वास घ्यायला लावत होता. डायनॅमिकचा पहिला टप्पा, तंतोतंत, पण नाव दुसरं आणि रजनीशांचा उल्लेख नाही. एका बैठकीची फी मावशीच्या महिनाभराच्या दुधाएवढी. मला राग यावा तसा आला नाही. उलट वाटलं, एखादी चळवळ संपते ती अशी. मोडत नाही, तिच्या विटा लोक आपापल्या घराला नेतात. रागच आला असेल तर त्याच्या लय लागू देण्याचा. सगळे एका ठेक्यात, कवायतीसारखे. लय मोडायची असते रे बाबा, असं सांगावंसं वाटलं. तीन सकाळींत मी तज्ज्ञ!

खडकावरच्या दुकानांच्या पायवाटेने पलीकडे गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत गेले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडं पाणी, काठाला पिवळट माती अंगाला फासून बसलेले लोक. ओढ्याने वर रानात एक मोठा वड आहे, त्याखाली वर्षानुवर्षं कुणी ना कुणी साधू-बाबा धुनी लावून बसतो. आजचा कुठल्या तरी थंड देशातला होता आणि मराठीत "बसा" म्हणाला. बसले, चहा प्याले, निघाले. कॅमेरा नसल्याने हात इतके रिकामे वाटत होते की येताना उगाच दोन नारळ विकत घेतले.

पाचवा दिवस

एकादशी. संध्याकाळी आधी कुंडलिनी ध्यान केलं. पंधरा मिनिटं अंग थरथरू द्यायचं, पंधरा नाचायचं, पंधरा बसायचं, पंधरा आडवं पडायचं. आडवं पडल्यावर मला झोप लागली आणि मी घोरले.

रात्री मालकीणबाईंबरोबर आम्ही दोघी देवळात भजनाला. पखवाज, पेटी, पंधरा-वीस बाप्ये, तुकारामाचे अभंग गोव्याच्या चालीत, ताना जरा लांबवलेल्या. मावशी बायकांत कडेला टाळ घेऊन बसली. गजरावर सगळे उभे राहिले, ठेका वाढला, आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे मिटून जागच्या जागी उड्या मारू लागला. टाचा आपटत. मी मावशीकडे बघितलं. तिने बघितलंच नाही, ती टाळात होती. तिला या गावात कुणी विचित्र का ठरवलं नसेल, ते मला तिथे जरासं कळलं. परत येताना आश्व्याच्या बाजूने रात्रभर चालणारा ढणढणाट सुरू झाला होता, त्यावर मालकीणबाई तेवढ्या तावाने बोलल्या.

सहावा दिवस

पाचवी सकाळ झाली आणि मावशी म्हणाली, "काढ तुझं यंत्र."

ओट्याशेजारच्या खिडकीचा उजेड चांगला होता. ती स्टुलावर, समोर काकडी, टोमॅटो, कोथिंबीर. काहीतरी करत असली की बोलणं सोपं जातं, म्हणून मीच म्हटलं, भाजी धू. दर काही मिनिटांनी मोप्याचं विमान डोक्यावरून जायचं आणि मला थांबावं लागायचं.

मी थेट ऑरेगॉनवर आले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४. द डॅल्स नावाच्या छोट्या गावात संन्याशांनी दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला. ७५१ माणसं आजारी पडली. काउंटीच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला जाऊ नये, हा हेतू. पुढच्या वर्षी रजनीशांची सचिव शीला पळाली, रजनीशांनी सगळं तिच्यावर टाकलं, आपल्याला काही ठाऊक नव्हतं म्हणाले. तुला कधी कळलं?

मावशीने पातेल्यात पाणी घेतलं आणि फडताळातून एक लहान काळी बाटली काढली. पोटॅशियम परमँगनेट. चिमटीने दोन स्फटिक पाण्यात सोडले. ते बुडताना जांभळे धागे सोडत खाली गेले, तिने हाताने ढवळलं आणि पाणी फिकं गुलाबी झालं. "जास्त झालं तर पानं काळवंडतात," ती म्हणाली आणि कोथिंबीर बुडवली.

"चौऱ्याऐंशीत मी हरमलला एका खानावळीत होते. गोऱ्यांना सॅलड पाहिजे, पण काविळीची भीती. मग मी बसून एकेक पान यात धुवायची. पंधरा मिनिटं पाण्यात, मग उकळून गार केलेल्या पाण्यातून काढायचं. बोटं तपकिरी व्हायची, जायचा नाही तो रंग." विमान गेलं. ती थांबली, मी खूण केल्यावर पुन्हा सुरू झाली. "पंच्याऐंशीच्या सीझनला एका जर्मन बाईने मासिक आणलं, त्यात सगळं होतं. चित्रं पण. सॅलडच्या बारचं चित्र."

"मग?"

"मग काय? अकराला गिऱ्हाइकं यायची. पानं धुतली."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डायनॅमिक केलंस?"

"केलं."

"का?"

तिने कोथिंबीर चाळणीत काढली. "तुझे आजोबा दर श्रावणात सत्यनारायण घालायचे आणि दुकानात माप मारायचे. त्यांना कुणी म्हटलं का, पूजा सोडा?"

हे मला पटलं नाही. मापातली छटाक आणि सातशे एक्कावन्न माणसं एका तागडीत बसत नाहीत, आणि आजोबांनी कुणाला गुरू मानून घर सोडलं नव्हतं. तसं मी तिला म्हटलंही. सहा दिवस गोड वागून शेवटी भांडले.

"मग नको पटू देऊस," ती म्हणाली. "चालू आहे ना ते?"

चालू होतं. पुढे ती स्वतःहून १९८७वर आली. त्या वर्षी जानेवारीत रजनीश पुण्याला परतले, तेव्हा ही तीन आठवड्यांसाठी गेली होती. त्यांना वासाची ॲलर्जी. सभागृहाच्या दाराशी प्रत्येकाचे केस हुंगून मगच आत सोडत. मावशीचे केस तेव्हा कमरेपर्यंत. तिने खोबरेल सोडलं. शिकेकाईलाही वास येतो म्हणून नुसत्या पाण्याने धुवायला लागली. केसांची पार शेंडी झाली, म्हणाली, आणि हसत सुटली, इतकी की माइकची पातळी लाल झाली. परत येताना म्हापशाला उतरून पहिली खोबरेलाची बाटली घेतली. त्यानंतर ती आश्रमात गेली नाही. ऑरेगॉननंतर गेली होती, तेलानंतर नाही. या दोन गोष्टींचा क्रम मला अजून लागत नाही, आणि फिल्ममध्ये तो लावून दाखवायचा मोह आवरावा लागणार आहे.

एक तास चाळीस मिनिटं झाली. चेहऱ्याचा भाग थोडका, बहुतेक हातच. शेवटी तिने गुलाबी पाणी तुळशीऐवजी मोरीत ओतलं आणि विचारलं, "जेवून जाशील ना?" काकडी तीच खाल्ली.

रात्रीच्या बसला बसल्यावर आईचा फोन आला. मी कुठे जाते आहे ते तिला सांगून गेले होते, पण सहा दिवसांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"झालं का काम?"

"झालं."

"माझं काही आलं का त्यात?"

"अजून नाही."

"बरं." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं, ठेवला. "डोक्याला तेल लावते का गं ती?"

"रोज," मी म्हटलं.